एकरभर मका की एकरभर सोलर? आधी बांध कुठे घालायचा ते ठरवा

युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत साधारण ३० लिटर डिझेल असतं. फोडून पाहिलीत तर पांढरे दाणेच दिसतील, पण ते दाणे तयार होताना तेवढी ऊर्जा खर्ची पडलेली असते. युरियातला नायट्रोजन हवेतून येतो. हवा फुकट आहे, पण हा नायट्रोजन मोठा आडमुठा, सहजासहजी कुणाशी जुळत नाही. त्याला अमोनियात बांधायला नैसर्गिक वायू लागतो, कच्चा माल म्हणूनही आणि जळण म्हणूनही. आपल्याकडच्या कारखान्यांत एक टन युरियामागे साडेपाच-सहा गिगाकॅलरी ऊर्जा जाते. गोणीवर उतरवलं तर सुमारे ३०० युनिट. युनिट म्हणजे तेच, वीजबिलात असतं ते. एक लिटर डिझेलमध्ये दहा युनिट ऊर्जा धरली, की झाले ३० लिटर.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि पडवीत युरियाच्या बारा गोण्यांची थप्पी लागली होती. थप्पीकडे बघत म्हणाले, "म्हंजे हाई डिझेलना टँकर शे का मन्हा घरमा?"

जवळपास तसंच. फक्त या टँकरची किंमत गोणीला २६६ रुपये ५० पैसे. तेवढंच डिझेल पंपावर घ्यायला गेलात तर अडीच हजारांच्या वर जातील. मधला फरक सरकार भरतं. पैसे ऊर्जेला कसे झाकून टाकतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, म्हणून सुरुवात तिथून केली.

मामांचं शेत चोपडा तालुक्यात. काळी जमीन, दोनशे फुटांवर पाणी, आणि नाल्याकडेला चारेक एकर बरड. गेल्या हंगामात त्यांच्याकडे पाठोपाठ दोघे येऊन गेले. एक मक्याचा व्यापारी: मका लावा, इथेनॉलवाले कितीही घेतात. दुसरा सोलरवाला: उपकेंद्राजवळची जमीन भाड्यानं द्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. मामांनी पैशांचं गणित केव्हाच करून ठेवलं होतं, त्यात त्यांना माझी गरज नव्हती. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "दोन्ही म्हणतस आम्ही देशले ऊर्जा देतस. तू कॉलेजमा फिजिक्स शिकाडस ना? सांग मंग, खरी कोण देस?"

बैलांचा कडबा

माझ्या आजोबांच्या दोन बैलजोड्या होत्या. रब्बीत दादर ज्वारी पेरायचे तेव्हा माणसांना भाकरी किती होईल हे जसं बघायचे, तसंच बैलांना वर्षभर कडबा पुरेल का हेही बघायचे. म्हणजे शेताचा एक हिस्सा शेत चालवणाऱ्यासाठीच राखलेला. समजा पाचवा हिस्सा बैलांनी खाल्ला, तर घर चार हिश्श्यांवर चालतं. समजा बैल इतके खादाड निघाले की पिकवलेलं सगळं त्यांनाच लागलं, तर वर्षभर राबून घरात दाणा नाही. आजोबांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

ऊर्जेचा खरा हिशेब इतकाच आहे. एखादं इंधन मिळवायला किती ऊर्जा घातली आणि त्यातून किती निघाली. निघालेलीला घातलेलीनं भागा. उत्तर पाच आलं तर एक घालून पाच मिळाले. एक आलं तर बैलानं पिकवलं आणि बैलानंच खाल्लं. एकाच्या खाली आलं तर घरातलं धान्य मोडून बैल पोसणं सुरू आहे. अभ्यासक याला ऊर्जेवरचा परतावा म्हणतात. ही कल्पना रूढ करणारे अमेरिकेचे चार्ल्स हॉल मुळात माशांच्या स्थलांतराचा अभ्यास करत होते. प्रवाहाविरुद्ध पोहत जायला मासा जितकी ताकद घालवतो, त्याहून जास्त त्याला तिकडे मिळत असली तरच तो जातो. माशालाही हा भागाकार कळतो. धोरणं आखणाऱ्यांचं तसंच असतं असं नाही.

आता मक्याचा एक एकर

मामांच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही जो हिशेब मांडला, तोच इथे देतो. आकडे ठोकळ आहेत, तुमच्या शेतात थोडे इकडेतिकडे होतील. रब्बीचा मका, विहिरीचं पाणी, एकरी २५ क्विंटल उतारा.

नीती आयोगाच्या इथेनॉल आराखड्यात एक टन मक्यातून ३८० लिटर इथेनॉल धरलंय. अडीच टनांचे झाले ९५० लिटर. एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे ५.९ युनिट ऊर्जा असते. पेट्रोलमध्ये जवळपास ९, म्हणजे इथेनॉल त्याच्या दोन-तृतीयांश. (वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल भरल्यावर गाडी थोडं कमी अ‍ॅव्हरेज देते अशी कुरकुर ऐकू येते, तिच्यामागे हे साधं कारण आहे.) तर एकराची कमाई ९५० गुणिले ५.९, म्हणजे ५,६०० युनिट. हे झालं निघालेलं.

घातलं किती? युरियाच्या तीन गोण्या, ९०० युनिट. मिश्रखत, तणनाशक, बियाणं मिळून आणखी २००. नांगरटी, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी यांत २५ लिटर डिझेल, म्हणजे २५०. भरलेला ट्रक कारखान्यावर जाऊन रिकामा परत यायचा, त्यातला आपला वाटा सव्वाशेच्या आत, १२० धरू.

पाण्याची रक्कम मात्र मोठी आहे. मक्याला अर्धा मीटर पाणी लागतं असं धरलं तर एका एकराला २० लाख लिटर. ते दोनशे फुटांवरून उपसायचं. जुन्या पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ८३० युनिट वीज. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी किती खोल गेलंय ते तिथल्या लोकांना विचारा. खोली दुप्पट झाली की हा आकडाही दुप्पट. जाता जाता हेही बघा, २० लाख लिटर भागिले ९५०. एका लिटर इथेनॉलमागे दोन हजार लिटरहून जास्त पाणी.

शेवटचा खर्च आसवनीचा, आणि सगळ्यांत मोठा तोच. मका दळायचा, शिजवायचा, आंबवायचा, इथवर ठीक. पण आंबवणात अल्कोहोल थोडं आणि पाणी फार. ते पाणी उकळून वेगळं काढायचं म्हणजे वाफेवर वाफ. लिटरमागे अडीच युनिट धरले तर २,४०० युनिट.

बेरीज ४,७००. निघाले ५,६००. भागाकार १.२.

मामांनी आकडा दोनदा बघितला. "चार महिना राबीसन एकना सव्वा?" सव्वाही नाही, त्याच्याही आत. मग थोड्या वेळानं म्हणाले, "आनि मन्ही मेहनत कोठे शे तुन्हा हिसाबमा?"

प्रश्न अगदी रास्त होता. धडधाकट माणूस आठ तास न थांबता राबला तर त्याच्या अंगमेहनतीतून निघणारी ऊर्जा अर्धा-पाऊण युनिट भरते. एका एकराला चाळीस मजूर लागले तरी वीस-पंचवीस युनिट. युरियाच्या एका गोणीच्या दहाव्या भागाइतकीसुद्धा नाही. मामा बराच वेळ गप्प होते. मलाही सांगताना बरं वाटलं नाही, पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत शेतीत काय बदललं ते या एका आकड्यात आहे.

बांध सरकवला की उत्तर बदलतं

शेजाऱ्यानं नांगरताना बांध हातभर आत सरकवला तर कोर्टकचेरी होते. ऊर्जेच्या हिशेबातही एक बांध असतो. हिशेबात काय धरायचं आणि काय बाहेर ठेवायचं, त्याची रेघ. ती कुणी कुठे ओढली हे न बघता उत्तर मान्य करू नये.

पाण्याची ८३० युनिट वीज घ्या. आम्ही ती मीटरवर मोजली. पण ती आली कुठून? आपल्याकडे मुख्यतः कोळशातून. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या भट्टीत तीन युनिट उष्णतेचा कोळसा जळतो तेव्हा एक युनिट वीज बाहेर पडते, बाकीची उष्णता धुरांड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून निघून जाते. बांध मीटरपाशी न घालता दीपनगरच्या कोळशाच्या ढिगापाशी घातला, तर ८३० चे होतात २,५०० च्या आसपास. एकूण खर्च ६,३५० च्या वर आणि भागाकार ०.८८. त्याच शेतातला तोच मका आता तोट्यात.

दुसऱ्या बाजूनं बघा. इथेनॉल काढल्यावर मक्याच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा प्रथिनयुक्त भुसा उरतो. तो पशुखाद्यात जातो. मग सगळा खर्च इथेनॉलच्या एकट्याच्या माथी कशाला? चौथा हिस्सा त्या भुशाच्या नावे टाकला, तर १.२ चे १.६ होतात आणि ०.८८ चे १.१७. आसवनीच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी तूस जाळला तर गणित अजून सुधारतं. खरिपाचा मका पावसावर आला तर पंपाचा खर्च गळतो, पण उताराही घटतो.

एवढ्यात चार-पाच उत्तरं झाली आणि त्यातलं एकही खोटं नाही. अमेरिकेत यावरून वर्षानुवर्षं भांडण झालं. कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड पिमेंटल सांगत राहिले की मक्याचं इथेनॉल एकाच्या खाली आहे. तिथल्या कृषी खात्याच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये १.३४ काढलं आणि नंतरच्या वर्षांत कारखाने सुधारल्यावर दोनच्या आसपास नेलं. दोन्ही बाजूंना गणित येत होतं. बांध वेगळे होते.

माझं मत विचाराल तर १.२ आहे की १.६ यावर मी रात्र जागवणार नाही. दोन्ही आकडे एकाच्या फार जवळ आहेत. एवढ्या परताव्यात मका ऊर्जा 'देत' नाही. आपण कोळसा, वायू आणि भूजल एका बाजूनं घालतो आणि दुसऱ्या बाजूनं पेट्रोलऐवजी चालणारा द्रव घेतो. तसं करायला सबळ कारण असू शकतं. आपलं बहुतेक कच्चं तेल बाहेरून येतं, त्यात परकीय चलन जातं, आणि मक्याला एक नवं गिऱ्हाईक मिळालं ही गोष्ट शेतकऱ्याला नको आहे असं कोण म्हणेल? वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. पण त्याला परकीय चलनाची बचत म्हणा, भावाचा आधार म्हणा. नवी ऊर्जा म्हणू नका. आणि नवापूरच्या कोंबड्या तोच मका खातात, हेही धोरणाच्या कागदावर कुठेतरी लिहिलेलं असावं.

उसाचं काय? ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलचा परतावा आठच्या घरात सांगितला जातो, आणि त्यामागचं कारण साधं आहे. उसासोबत त्याचं जळण, बगॅस म्हणजे पिळून उरलेलं चिपाड, आपोआप कारखान्यात येतं. आसवनीची वाफ त्यावरच निघते, वर वीज विकायला उरते. मक्याला जी २,४०० युनिटांची रक्कम भोवली, ती उसाला जवळजवळ माफ. शिवाय ब्राझीलमध्ये ऊस बराचसा पावसावर येतो. आपल्याकडे तिथेच अडतं. नीती आयोगाच्याच आराखड्यात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी धरलंय. खानदेशात हा विषय एवढ्यावरच थांबवावा.

एक आठवण मात्र सांगितलीच पाहिजे. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाची हवा होती. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, बियांपासून डिझेल, आणि २०११-१२ पर्यंत देशाच्या डिझेलमध्ये वीस टक्के जैवडिझेल. आमच्याही बांधावर दोनशे रोपं लागली. देणाऱ्यांनी बिया परत विकत घेऊ असा कागद दिला होता. झाडं जगली, शेळ्यांनी तोंड लावलं नाही एवढाच त्यांचा गुण, आणि बिया घ्यायला कुणी फिरकलं नाही. पाणी-खत न देता कुठलंच पीक भरभरून तेल देत नाही, आणि पाणी-खत द्यायचं ठरलं की गोणी आणि पंप हिशेबात परत येतात. देशभर तेच झालं, तेल नावापुरतं निघालं.

काचेखालची भट्टी

आता दुसऱ्या पाहुण्याकडे वळू. आपल्या भागात एका एकरावर वर्षभरात ७५ ते ८० लाख युनिट इतकं ऊन पडतं. हा आकडा मी मुद्दाम तीनदा तपासला. मक्याची वर्षात दोन पिकं घेतली आणि खर्च अजिबात वजा केला नाही, तरी इथेनॉलच्या रूपानं त्यातले ११,२०० युनिट हाती लागतात. हजारात दीड भागसुद्धा नाही. यात मक्याचा दोष नाही. पानाला सगळा प्रकाश चालत नाही. रोप लहान असतं तेव्हा बहुतेक ऊन मातीवरच पडतं. जे कमावतं त्यातलं बरंचसं स्वतःच्या श्वासोच्छ्वासात, मुळांत आणि धांड्यात जातं. आपण फक्त दाणा घेतो आणि त्या दाण्याचीही दारू करताना आणखी गमावतो. झाडाचा धंदा झाड होण्याचा आहे, पेट्रोल पुरवण्याचा नाही.

सोलरची प्लेट तिच्यावर पडलेल्या उन्हाचा पाचवा हिस्सा वीज करते. ओळींत सावली पडू नये म्हणून अंतर सोडावं लागतं, रस्ता लागतो, त्यामुळे एका मेगावॉटला चारेक एकर जमीन धरतात. एक मेगावॉट वर्षाला १४-१५ लाख युनिट देतो. एकराला आले साडेतीन लाख. हजारात ४५ भाग. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ पासून आहे. नंदुरबारकडे जाताना पवनचक्क्या सगळे मोजतात, प्लेटांकडे कुणी बघत नाही.

पण प्लेट आकाशातून पडलेली नाही, आणि हाच भाग सोलरवाला सांगत नाही. गारगोटीच्या जातीचा दगड विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर वितळवून सिलिकॉन काढतात. ते इतकं शुद्ध करावं लागतं की लाखात एक कणही परका चालत नाही. मग १,४०० अंशांच्या वर पुन्हा वितळवून त्याची कांडी ओढायची, कांडीचे कागदासारखे काप करायचे. वर काच, कडेला अ‍ॅल्युमिनियम, खाली लोखंडाचा सांगाडा आणि काँक्रीट. जगातल्या बहुतेक प्लेटा चीनमध्ये होतात आणि तिथली वीज बरीचशी कोळशाची. म्हणजे प्लेट लागते त्या दिवशी तिच्या डोक्यावर मोठं कर्ज असतं.

ते फिटायला किती दिवस लागतात? पन्नास वर्षांपूर्वी प्लेट आयुष्यभरात स्वतःचा खर्च भरून काढेल का अशी खरीच शंका होती. आता काप पातळ झाले, कार्यक्षमता वाढली. आपल्यासारख्या उन्हात प्लेटेचं कर्ज वर्षभराच्या आसपास फिटतं, सांगाडा, तारा, इन्व्हर्टर धरून दीड वर्ष समजा. आयुष्य २५ वर्षं. मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलायचा, वर्षाला अर्धा टक्का क्षमता घटणार, धूळ बसणार. हे सगळं वजा करूनही भागाकार दहाच्या वर राहतो.

इथेही बांध आहेच. पेद्रो प्रिएतो आणि वर उल्लेख आलेले हॉल यांनी २०१३ मध्ये स्पेनमधल्या सोलरचा हिशेब मांडला तेव्हा कुंपण, रस्ते, राखणदारी, विमा, सगळं धरलं. उत्तर आलं अडीचच्या जवळ. त्यावर आक्षेप आले. त्यातल्या प्लेटाही तेव्हाच्या, आजच्याहून महाग आणि कमजोर. तरी मला तो हिशेब आवडतो, कारण त्यांनी राखणदाराचा डबासुद्धा सोडला नाही. मात्र तोलायचं तर तोच तराजू मक्यालाही लावावा. मक्याला कुंपण, विमा आणि राखणदार धरले तर काय राहील?

आपल्या उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज. भुसावळला पारा ४६ वर गेला की सोलरची चंगळ, असं लोकांना वाटतं. प्लेटेला प्रकाश हवा, उष्णता तिची वैरी. मे महिन्यात भर दुपारी प्लेट ७० अंशांपर्यंत तापते आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज गळते. म्हणजे ऐन उन्हात सहावा हिस्सा गायब. फेब्रुवारी-मार्चचं स्वच्छ, कोवळं ऊन तिला जास्त मानवतं. केळीलाही तेच मानवतं.

सगळं युनिट सारखं नसतं

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग झालंच, मका १.२ आणि सोलर १०, निकाल लागला. मामांनी तसं म्हटलं नाही. ते म्हणाले, "पन मन्हा ट्रॅक्टरमा मी काय प्लेटा भरू?"

हीच खरी अडचण आहे. इथेनॉल टाकीत भरता येतं, महिनाभर ठेवता येतं, रात्री वापरता येतं. सोलरची वीज दुपारी येते, तेव्हाच घ्या नाहीतर साठवायची सोय करा. बॅटरी आली की तिचंही कर्ज आलं, आणि भागाकार खाली सरकतो. दुसऱ्या बाजूला, इथेनॉलच्या युनिटातला पाऊण हिस्सा इंजिनात उष्णता होऊन वाया जातो, विजेच्या युनिटातला मोटारीत फारसा जात नाही. गंमत म्हणून किलोमीटर काढले. मोटारसायकल लिटरला ५० देत असेल तर शुद्ध इथेनॉलवर ३३ देईल. एकराच्या ९५० लिटरवर ३१ हजार किलोमीटर, आणि हे खर्च वजा न करता. विजेची स्कूटर एका युनिटवर ३० किलोमीटर जाते. साडेतीन लाख युनिटांतून चार्जिंगची गळती काढली तरी ९० लाख किलोमीटर. पृथ्वीला सव्वादोनशे फेऱ्या. पण नांगरटीच्या आठवड्यात दिवसभर चिखलात चालणारा ट्रॅक्टर स्कूटरसारखा चार्ज करता येत नाही, हेही तितकंच खरं.

शेतीत मात्र सोलरला एक काम असं मिळतं की बॅटरी लागतच नाही. पाणी दुपारी उपसलं काय आणि रात्री उपसलं काय, पिकाला सारखंच. आणि पाणी भरायला सर्वांत वाईट वेळ रात्रीची, हे कुणा शेतकऱ्याला सांगायला नको. थंडी, साप, आणि चोपडा-यावलकडे बिबट्या. कृषी वाहिन्या सोलरवर नेण्यात मला हाच अर्थ दिसतो. ऊन असतं तेव्हाच वीज, आणि तेव्हाच पाणी.

जैवइंधनाला मी सरसकट मोडीत काढत नाही. ज्याचा खर्च आधीच दुसऱ्या कुणाच्या खात्यावर पडला आहे, तिथे ते चोख बसतं. कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ती पऱ्हाटी घ्या. तिचं खत, पाणी, नांगरटी सगळं कापसानं भरलेलं. बोंडअळीसाठी ती वेळेत उपटावीच लागते, आणि बहुतेक ठिकाणी बांधावर पेटवून देतात. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे जवळपास आपल्या औष्णिक केंद्रांतल्या कोळशाइतकी उष्णता असते. तिच्या विटा किंवा कांड्या करून कोळशात मिसळता येतात, आणि औष्णिक केंद्रांनी काही टक्के असं जळण मिसळावं असा केंद्राचा नियमही आहे. अडचण फुगवट्याची. ट्रॉली डोंगराएवढी दिसते, काट्यावर वजन भरत नाही. शंभर किलोमीटर ओढत नेली तर डिझेल खाते, म्हणून कुट्टी जवळच व्हायला हवी. केळीच्या खांबांचं उलट आहे. कापणीनंतर ढीगच्या ढीग, पण नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ते जाळायला जाणं म्हणजे पाणी उकळत बसणं. त्याचं खत किंवा धागा बरा. आणि गोबरगॅस तर जुनाच. शेणातून गॅस निघतो आणि खत खत म्हणूनच शेतात जातं, म्हणजे युरियाची एखादी गोणी वाचली तर ३०० युनिट वरकड.

वहीचं पान भरत आलं होतं. मामांनी बरडातल्या चार एकरांचा सातबारा सोलरवाल्याकडे बघायला दिला आहे, बोलणी चालू आहेत. काळ्या जमिनीत मका राहील, आणि तो कोंबड्यांनी खाल्ला की आसवनीत गेला हे भाव ठरवेल. मी म्हटलं, या सगळ्या यादीत एक रक्कम पूर्ण तुमच्या हातात आहे, तुमचा पंप. त्याची मोटार चारदा भरून आणलीय. चाळीस टक्क्यांचा पंप काढून पंचावन्नचा बसवला तर एकरी सव्वादोनशे युनिट वाचतील.

"बिल शून्य येस मले," मामा म्हणाले. "मी कसाले बदलू?"

खरंच होतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून राज्यात वीज मोफत आहे. मामांचं बिल शून्य असलं तरी दीपनगरच्या कोळशाचं शून्य होत नाही, पण ते मामांना ऐकवून काय उपयोग? दुसरा आकडा काढला. त्याच मोटारीवर आठ तासांचं पाणी सहा तासांत भरेल. रात्रपाळीचा आठवडा असेल तर दोन तास आधी घरी.

मामांनी चष्मा काढून वही मिटली. "रातले दोन तास वाचतस? मंग दिवाळीले बदलूत."